जानेवारीत जन्मलेले हॉकीपटू

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेथब्रिज नावाचे एक शहर आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ आपल्या कुटुंबाबरोबर तेथे बर्फावरच्या हॉकीचा सामना पाहायला गेले होते. सामना ‘लेथब्रिज ब्रॉन्कोज’ या स्थानिक संघाचा होता. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचा हा संघ. यातलेच काही जण पुढे व्यावसायिक खेळाडू होणार. सामना चालू असताना त्यांच्या पत्नी पॉला हातातली माहितीपुस्तिका चाळत होत्या. नाव, उंची, वजन, जन्मतारीख. असे तक्ते आपणही पाहतो आणि पान उलटतो. पॉलाबाई मात्र जन्मतारखांच्या रकान्यापाशी थांबल्या. जानेवारी, फेब्रुवारी, पुन्हा जानेवारी, मार्च, पुन्हा फेब्रुवारी. त्यांनी पतीला विचारले, ही मुले कोणत्या महिन्यांत जन्मली आहेत ते पाहिलेत का?

प्रश्नाचा रोख बार्न्सलींच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. पण घरी गेल्यावर त्यांनी मिळतील तेवढ्या खेळाडूंच्या जन्मतारखा गोळा केल्या आणि महिन्यांप्रमाणे मांडल्या. १९८५ मध्ये बार्न्सली पतिपत्नी आणि त्यांचे सहकारी अँगस थॉम्पसन यांनी यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कनिष्ठ संघांत जानेवारी ते मार्च या तिमाहीत जन्मलेले खेळाडू ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांच्या जवळजवळ चौपट होते. शंभर खेळाडू घेतले तर चार तिमाहींत त्यांची वाटणी साधारण ४०, ३०, २० आणि १० अशी. वरच्या व्यावसायिक पातळीवरही पहिल्या तिमाहीतले शेवटच्या तिमाहीतल्यांच्या सुमारे दुप्पट होते. (क्वेबेकमधल्या सिमाँ ग्रोन्दँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच काहीसे १९८४ मध्येच दाखवले होते. पण त्यांनी ते फ्रेंचमध्ये लिहिले, त्यामुळे त्याचा बोलबाला कमी झाला. विज्ञानात असेही होते.)

कॅनडात मुले वर्षभर जन्मतात. चारपट जानेवारीत जन्मत नाहीत. मग डिसेंबरातली मुले गेली कुठे?

खेळ आणि त्याची शिडी

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान आणि चेंडू डोळ्यांसमोर येतो. बर्फावरच्या हॉकीत सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असा बर्फाचा आखाडा असतो, पायांत स्केट्स असतात आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. पक तीन इंच व्यासाचा, एक इंच जाड आणि सुमारे १६० ग्रॅम वजनाचा असतो. तो बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. खेळ इतका दमवणारा की खेळाडू पाऊण-एक मिनिट खेळून बाकावर परततो आणि दुसरा उतरतो. आपल्या देशात लडाखमध्ये हा खेळ हौसेने खेळतात. २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, तेव्हा अनेकांना आपला असा संघ आहे हे प्रथमच कळले.

या खेळातली आपल्या विषयाशी संबंधित बाब म्हणजे धडक. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने किंवा अंगाने धडकून बाजूला सारणे नियमात बसते. २०१३ पर्यंत कॅनडाच्या बहुतेक भागांत अकरा-बारा वर्षांच्या मुलांनाही अशी धडक देण्याची मुभा होती. तेव्हा उंची आणि वजन यांना महत्त्व का, हे वेगळे सांगायला नको.

कॅनडातला मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना खेळू लागतो. नऊ-दहा वर्षांचा झाला की पहिली चाळणी लागते. गावातल्या शंभर-दीडशे मुलांतून वीसेक मुले निवडक संघात जातात. बाकीची हौशी संघांत खेळत राहतात. सोळाव्या वर्षी कनिष्ठ लीग. त्यासाठी पुष्कळ मुले घर सोडून परगावी एखाद्या कुटुंबात राहतात आणि तेथूनच शाळेला जातात. अठराव्या वर्षी ‘ड्राफ्ट’, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमधले संघ पाळीपाळीने तरुण खेळाडूंची नावे घेतात ती निवड. नाव घेतले गेले म्हणजे नोकरी लागली असे नाही. बरेच जण दुय्यम लीगमध्ये वर्षानुवर्षे वाट पाहतात आणि वर गेलेल्यांतल्याही अनेकांची कारकीर्द थोड्याच हंगामांत संपते. लहानपणी स्केट्स बांधलेल्या हजार मुलांतून एखाद-दुसराच या टोकाला पोचतो.

मुलांचे गट वयाप्रमाणे पाडतात आणि वय मोजतात ते कॅलेंडरच्या वर्षाने. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात जन्मलेली सगळी मुले एका गटात. डिसेंबरातल्या मुलांचे कोडे या एका ओळीत आहे.

ग्रह की तारीख?

कोणी म्हणेल, मकर आणि कुंभ राशीच्या मुलांच्या पत्रिकेत बर्फाचा योग असेल. कोणी अधिक शास्त्रीय वाटणारे कारण देईल: हिवाळ्यात जन्मलेल्या मुलाला थंडीची सवय असते. दुसरे कारण ऐकायला बरे वाटते, पण पहिल्याइतकेच तपासून घ्यायला हवे. तपासायचे कसे? तारीख बदलून पाहायची. प्रयोगशाळेत हे करता येत नाही, पण फुटबॉलमध्ये ते आपोआप घडले. बेल्जियममध्ये मुलांच्या फुटबॉलचे वय १ ऑगस्टपासून मोजत. तेव्हा निवडक संघांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांची गर्दी होती. १९९७ मध्ये तेथे १ जानेवारी ही तारीख लागू झाली. हेल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलाच्या आधीची आणि नंतरची वर्षे ताडून पाहिली. गर्दी उठून जानेवारी ते मार्चच्या मुलांकडे आली होती. आकाशातले ग्रह जागच्या जागी राहिले आणि हिवाळाही पूर्वीच्याच महिन्यांत आला. बदलली ती कचेरीतल्या नियमातली एक तारीख.

कारण सरळ आहे. १ जानेवारीला जन्मलेला आणि ३१ डिसेंबरला जन्मलेला, दोघेही कागदावर दहा वर्षांचे; प्रत्यक्षात त्यांच्यात ३६४ दिवसांचे अंतर आहे. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग. या वयात मुलगा वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढतो आणि वजनही तीनेक किलोने वाढते. हात-डोळ्यांचा मेळ, सूचना समजणे, हार पचवणे, हेही त्या एका वर्षात पुढे सरकते.

पण येथे चाणाक्ष वाचक हटकेल. पाच सेंटिमीटरने काय होते? एकाच महिन्यात जन्मलेल्या मुलांच्या उंचीत याहून जास्त फरक असतो. एवढ्याशा सरासरी फरकातून चौपट फरक कसा निघेल? हा प्रश्न बरोबर आहे. वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांकडून याचा हिशेब जरूर करवून घ्यावा.

सोयीसाठी काही आकडे धरू. ते वास्तवापासून फार दूर नाहीत. दहा वर्षांच्या गटातल्या जानेवारीच्या मुलांची सरासरी उंची १४० सेंमी आणि डिसेंबरच्या मुलांची १३५.५ सेंमी आहे असे समजा. दोन्ही गटांत प्रमाण विचलन ६ सेंमी. उंची घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेली आहे. प्रशिक्षक १४६ सेंमीच्या वरची मुले निवडतो. जानेवारीच्या मुलांसाठी ही रेषा सरासरीच्या एक प्रमाण विचलन वर आहे. तिच्यापलीकडे शंभरातली सुमारे १६ मुले येतात. डिसेंबरच्या मुलांसाठी तीच रेषा पावणेदोन विचलने वर जाते; तिच्यापलीकडे शंभरातली फक्त ४ मुले. सोळास चार. सरासरी फरक साडेचार सेंटिमीटरचा आणि निवड चौपट.

आता चाळणी आणखी बारीक करू. रेषा १५२ सेंमीवर नेली तर जानेवारीच्या हजार मुलांतली सुमारे २३ पलीकडे जातात आणि डिसेंबरच्या हजारांतली ३. म्हणजे जवळजवळ आठपट. निवड जितकी कडक, तितका वयातल्या फरकाचा परिणाम मोठा. प्रशिक्षक लबाड नाही, कोणाचा जन्ममहिना तो विचारतही नाही. समोर जे दिसते त्यातले उत्तम तो प्रामाणिकपणे निवडतो. घंटेच्या आकाराच्या वक्राची शेपटी बाकीचे काम करते.

चूक खरी कशी होते

इथवरची गोष्ट फक्त उंचीची असती तर फारसे बिघडले नसते. मुले अठरा-वीस वर्षांची होईपर्यंत वाढ थांबते, अकरा महिन्यांचा फरक पुसला जातो. डिसेंबरातला मुलगा तेव्हा जानेवारीतल्याच्या बरोबरीला यायला हवा. तो येत नाही. बार्न्सलींना जे चौपट प्रमाण दिसले ते दहा वर्षांच्या नव्हे, सोळा ते वीस वर्षांच्या मुलांत दिसले.

याचे कारण मधल्या वर्षांत आहे. नवव्या-दहाव्या वर्षी निवडलेल्या मुलाला चांगला प्रशिक्षक मिळतो, बर्फावर जास्त तास मिळतात, सोबतीला आणि समोर तुल्यबळ मुले मिळतात. त्याच्या वाट्याला येणारे सामने हौशी संघातल्या मुलाच्या दुप्पट-तिप्पट असतात. आईवडील पहाटे उठून त्याला गाडीतून नेऊ लागतात, कारण ‘आमचा मुलगा चांगला खेळतो’ असे आता चारचौघांनी सांगितलेले असते. पाच-सहा वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळू लागतो. सुरुवातीला त्याच्याकडे फक्त काही महिने जास्त होते. आता त्याच्याकडे कौशल्य आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये स्वतःलाच खरे ठरवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली होती, तिचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांला माहीत नाही. सोळाव्या वर्षी निवड करणाऱ्याला चूक दिसणारच नाही, कारण तोवर चूक उरलेलीच नसते.

डिसेंबरातल्या मुलाचे काय होते? तो नापास होत नाही. बाकावर बसतो. पुढच्या वर्षी पुन्हा बाकावर बसतो. मग एक दिवस घरी सांगतो की मला हा खेळ आवडत नाही. बार्न्सली आणि थॉम्पसन यांनी १९८८ मध्ये एडमंटन शहरातल्या मुलांच्या हॉकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या शेवटी जन्मलेली मुले वरच्या संघांत कमी दिसतात, एवढेच नव्हे तर ती खेळच सोडून देण्याकडे झुकतात, असे त्यांना आढळले. ही गळती कोणाच्या नजरेत येत नाही. निवडलेल्यांची छायाचित्रे छापतात, घरी गेलेल्यांची कोण छापणार?

ग्रेट्झ्की आणि ओव्हेच्किन

या ठिकाणी वेन ग्रेट्झ्कीचे नाव घेतले जाते. हॉकीच्या इतिहासातला बहुधा सर्वांत मोठा खेळाडू. जन्म २६ जानेवारी १९६१, ऑन्टारिओ प्रांतातले ब्रँटफर्ड गाव. नॅशनल हॉकी लीगमध्ये १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षे, ८९४ गोल आणि सहकाऱ्यांना गोल करून देणारे १,९६३ पास. हॉकीत गोल आणि असे पास मिळून गुण मोजतात. त्याने एकही गोल केला नसता तरी केवळ पासांच्या जोरावर गुणांच्या यादीत तो पहिलाच राहिला असता. आणि जन्म जानेवारीतला! झाले की सिद्ध.

पण त्याचे बालपण पाहिले तर उदाहरण उलटे होते. त्याच्या वडिलांनी, वॉल्टर ग्रेट्झ्की यांनी, परसात पाणी सोडून बर्फाचे छोटे अंगण केले होते. तेथे तो तासन्‌तास खेळे. सहाव्या वर्षी तो दहा वर्षांच्या मुलांच्या संघात घेतला गेला. म्हणजे प्रत्यक्ष गटात तो सर्वांत मोठा नव्हता. चार वर्षांनी लहान होता. धडक देऊन तेथे टिकणे शक्यच नव्हते. पक आत्ता कुठे आहे यापेक्षा तो क्षणभराने कुठे जाईल हे ओळखणे, धक्का लागायच्या आत निसटणे, हेच त्याला शिकावे लागले. पुढे व्यावसायिक खेळातही तो अंगापिंडाने दांडगा नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळीच्या मागे उभे राहून, जेथे त्याला गाठणे कठीण, तेथून तो खेळ चालवी. दहा वर्षांचा असताना एका हंगामात त्याने ३७८ गोल केले आणि चौदाव्या वर्षी घर सोडून तो टोरंटोला खेळायला गेला. त्याच्या यशाचे श्रेय जानेवारीला द्यायचे की मोठ्या मुलांत वाढण्याला, की परसातल्या बर्फाला? एका माणसाच्या चरित्रावरून हे ठरवता येत नाही. वरचे सगळे नियम समूहाचे आहेत. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे हा विषय जगभर पोचला ही चांगली गोष्ट झाली. पण ‘डिसेंबरात जन्मलात तर संपले’ असा अर्थ ज्यांनी काढला त्यांनी घाई केली, असे आमचे मत आहे.

कारण नंतरच्या अभ्यासांनी चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. १९८० ते २००६ या काळात ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या कॅनेडियन खेळाडूंचा अभ्यास रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. निवडलेल्यांत एक तृतीयांशाहून अधिक पहिल्या तिमाहीतले होते आणि शेवटच्या तिमाहीतले जेमतेम सातवा हिस्सा. येथवर ओळखीचेच. पण पुढे त्यांनी पाहिले की निवडलेल्यांनी नंतर खेळ कसा केला. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांचा खेळ पाहता त्यांची नावे चाळीसहून अधिक क्रमांक आधी घेतली जायला हवी होती. चारशे सामने किंवा दोनशे गुण असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीतल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. २०१२ मधल्या गिब्ज, जार्व्हिस आणि डुफर यांच्या अभ्यासातही असेच दिसले: पातळी जसजशी वर जाते तसतसा जानेवारीचा फायदा विरतो आणि अगदी शिखरावरच्या निवडक संघांत तर तो उलटतो.

यावरून ‘संकटे माणसाला घडवतात’ असे सुभाषित फळ्यावर लिहिण्याचा मोह होईल. तो आवरावा. लहान असूनही जे टिकले ते चिवट आणि कुशल होते, हे खरे. पण चाळणीतून जे पडले त्यांना मोजायला आपल्यापाशी तक्ताच नाही. शिवाय दुसरे, साधे कारणही पुरते: निवडणाऱ्यांनी डिसेंबरातल्या मुलांसाठी नकळत रेषा उंच ठेवली, तर ती ओलांडणारे सरासरीने सरस निघणारच.

तारीख किती मनमानी असते याचा एक गमतीदार दाखला अलेक्झांडर ओव्हेच्किन या रशियन खेळाडूचा. त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९८५चा. २००३ च्या ड्राफ्टमध्ये यायचे तर १५ सप्टेंबर २००३ पर्यंत अठरा वर्षे पूर्ण हवीत. दोन दिवस कमी पडले. फ्लोरिडाच्या संघाने तरीही त्याचे नाव घेण्याचा प्रयत्न केला. युक्तिवाद असा की मधल्या काळात चार लीप वर्षे आली. वर्ष ३६५ दिवसांचे धरले तर मुलगा अठरा वर्षांचा झालेला आहे! (हिशेब बरोबर आहे. १८ गुणिले ३६५ म्हणजे ६,५७० दिवस; १५ सप्टेंबरला त्याचे ६,५७२ दिवस भरत होते. मुलांना करून पाहू द्यावा.) लीगने अर्थातच तो मानला नाही. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, वॉशिंग्टनच्या संघाने त्याला सर्वांत पहिला निवडला. कॅलेंडरच्या वर्षाने पाहिले तर तो वर्षाच्या उत्तरार्धातला, म्हणजे धाकट्यांतला. ड्राफ्टच्या तारखेने पाहिले तर त्या वर्षी पात्र ठरलेल्या अठरा वर्षांच्या मुलांत अगदी थोरल्यांपैकी एक. मुलगा तोच. ६ एप्रिल २०२५ रोजी त्याने ८९५ वा गोल करून ग्रेट्झ्कीचा विक्रम मोडला.

बर्फावरून वर्गात

आता शाळेकडे येऊ. हॉकीची ३१ डिसेंबर ही रेषा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशालाही लागू होती. तेथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या आरोग्य-नोंदी तपासून २०१२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. अवधान टिकत नाही, मूल अतिचंचल आहे, असे वैद्यकीय निदान किती मुलांबाबत झाले हे त्यात पाहिले होते. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत हे निदान ३० टक्क्यांनी अधिक होते, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. त्यासाठी औषधे दिली जाण्याचे प्रमाणही तसेच अधिक. हा विकार खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. पण जानेवारी आणि डिसेंबर यांच्या मेंदूंत एवढा फरक निसर्ग करीत नाही. त्यातली काही मुले आजारी नव्हती; ती वर्गात सर्वांत लहान होती.

अभ्यासातही तेच. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ धुए यांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या गणित-विज्ञान चाचण्यांचे निकाल तपासले. शंभर मुले गुणानुक्रमे ओळीत उभी केली आहेत असे समजा. वर्गातली सर्वांत लहान मुले सर्वांत मोठ्यांच्या तुलनेत चौथीत ४ ते १२ जागा मागे होती आणि आठवीत २ ते ९ जागा मागे. फरक कमी होतो, पण चार वर्षांतही तो संपत नाही. आम्हांला यात सर्वांत बोचणारी गोष्ट अशी वाटते की शिक्षक तो फरक बुद्धीचा म्हणून वाचतात. ‘हुशार’ आणि ‘जरा मंद’ हे शिक्के पहिलीतच बसतात, आणि पहिलीतल्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग.

उपाय काय? तारीख बदलून भागत नाही. बळी बदलतात, एवढेच. निवड उशिरा करणे हा खरा उपाय, पण स्पर्धांचे वेळापत्रक तो फारसा मानत नाही. नेदरलँड्समध्ये मान आणि व्हान गिनेकेन यांनी एक साधी युक्ती करून पाहिली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. फुटबॉलचे गुणी खेळाडू हेरणाऱ्या जाणकारांना त्यांनी मुलांचा सामना दाखवला. नुसता दाखवला तेव्हा मोठ्या मुलांना झुकते माप मिळाले. जन्मतारखांची यादी हातात दिली तरीही मिळाले! मग मुलांच्या सदऱ्यांवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले आणि जाणकारांना तसे सांगितले. तेव्हा झुकते माप नाहीसे झाले. माहिती कागदावर असून उपयोग नसतो, मूल दिसते त्याच वेळी ती दिसावी लागते. शाळेच्या कबड्डी किंवा खो-खोच्या निवडीत हे करायला खर्च काहीच नाही.

आपल्या शाळेत असे काही घडते का, हे पाहणेही सोपे आहे. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या चौदा वर्षांखालील संघांतल्या मुलामुलींची यादी काढावी. बक्षीसपात्र किंवा शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची वेगळी. ज्या तारखेने वय मोजतात तिच्यापासून तीन-तीन महिन्यांचे चार भाग करून संख्या मांडाव्यात. तुलना मात्र सरसकट २५ टक्क्यांशी करू नये, कारण मुले सर्व महिन्यांत सारखी जन्मत नाहीत. ती शाळेतल्या त्याच वर्षांच्या एकूण पटाशी करावी. एकाच वर्षाचा संघ घेतला तर दहा-बारा नावांतून काहीही निघू शकते, म्हणून अनेक वर्षे एकत्र करणे आवश्यक. फरक योगायोगाचा आहे का हे तपासायला बारावीतली मुले काय-वर्ग कसोटी लावू शकतील.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आम्ही स्वतः एका शाळेच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरावरून असा आलेख काढायला बसलो होतो. जूनचा खांब इतरांच्या कितीतरी वर गेला. आम्ही हरखून गेलो, कारणांची चर्चाही सुरू झाली. तेवढ्यात तेथले एक निवृत्त गुरुजी आले, त्यांनी आलेख पाहिला आणि हसू लागले. पूर्वी पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसे. तो ‘मोठ्या पुराच्या साली’ असे काहीतरी सांगे. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि तारीख लिहीत १ जून. तेव्हा जन्माचा दाखला पाहून नोंदी केलेल्या वर्षांपासूनच यादी सुरू करावी आणि तरीही १ जूनची नावे वेगळी काढून ठेवावीत.